बॅटरी बसवण्याआधी

निजामाच्या अमदानीत औरंगपुऱ्यात एक मिस्त्री कानाची यंत्रं दुरुस्त करायचा. नाव मी कधी विचारलं नाही. यंत्राची खिशात ठेवायची डबी, वायर, कानात घालायचं बटण, सगळं तो पांढऱ्या फडक्यावर मांडायचा. बटणातला मळ सुईनं काढायचा, ओल पुसायचा. "बटन कानात घट्ट बसवा, म्हंजे शिट्टी मारनार नाय," हे प्रत्येकाला बजावायचा.

खोड एकच विचित्र. बॅटरी बसवण्याआधी तो ते मुकं यंत्र स्वतःच्या कानाला लावून बसायचा.

वडील गेल्यावर त्यांचं यंत्र आईला द्यावं म्हणून मी ते नेलं. कुणाचं, ते सांगितलं नव्हतं. बॅटरी फडक्यावरच होती, आणि मिस्त्री मान डोलवू लागला.

"वालिद हायेत वाटतं तुमचे. कडी लावा म्हनतेत. आवाज पुसून टाकू, का राहू देऊ?"

रोज दिवेलागणीला वडील हेच सांगायचे. मी बॅटरी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं काही न पुसता ती हलकेच बसवली.

त्यानंतर दिवेलागणीला घरात कुणी काही बोललेलं नसायचं. तरी आई कानातल्या बटणावर बोट ठेवून उठायची, "लावते हो," म्हणायची आणि दाराला कडी लावायची.