छातीभर पाण्याचा गणपती

गोटीराम घरत हे आमचे घरमालक. सानपाड्याच्या जुन्या गावातले. भातशेती नव्या शहरात गेली, उरलेल्या खाडीकाठच्या खाजणावर भराव टाकून त्यांनी बिल्डिंग उठवली आणि तिसऱ्या मजल्यावर आम्हाला भाड्याने ठेवलं. माणूस वाईट नाही हो, पण तोरा असा की नळाला पाणी आलं तरी ते शेठच्या कृपेनेच.

त्यांचा मुलगा कुंदन ९२ साली रशियात डॉक्टरी शिकायला गेला. महिन्यातून एकदा त्याचा फोन यायचा आणि शेठ तो स्पीकरवर टाकून सगळ्या भाडेकरूंना हॉलमध्ये बसवायचे. नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी नेमका पाण्याचा पंप बिघडायचा. कुंदनच्या गावची नदी हिवाळ्यात अशी गोठायची की वरून ट्रक जायचे. शेठ पानवाल्यालाही गाठून सांगत, "आमचा पोऱ्या पान्यावर चालतो!"

घरतांचा गणपती माघातला. रीत अशी की मूर्ती काठावर सोडायची नाही, छातीभर पाण्यात जाऊन सोडायची. कुंदनने पेणच्या तळहाताएवढ्या मूर्ती कापसात गुंडाळून नेल्या होत्या. दर माघात तो नदीच्या मधोमध जायचा, तिथे मासे धरणाऱ्या म्हाताऱ्यांकडून बर्फाला भोक पाडून घ्यायचा आणि बाप्पाला निरोप द्यायचा. ते ऐकून छाती फुगायची ती शेठची.

९५च्या माघात फोन आला. "बाबा, यंदा नदीनं बर्फ नीट धरलाच नाय. ट्रक बंद हायेत. इथले म्हातारे बोलतात, बर्फ आता उशिरा येतो न लवकर सुटतो. दुसऱ्या देशांतल्या नद्यांचं पन असंच चाललंय, रेडिओवर सांगत होते."

आम्ही काळजीत, शेठ खूश! "अरं, बाप्पाला मोकला पानी पायजे म्हनून नदी सुटली!" संध्याकाळपर्यंत मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून चमत्कार जाहीर झाला. पेढे वाटले. नाक्यावर कापडी बॅनर लागला, 'घरतांच्या गणपतीने रशियाची नदी वितळवली'. चला, रशियाच्या नद्यांनाही एकदाचा घरमालक मिळाला.

विसर्जनाच्या दिवशी पुन्हा हॉल भरला. शेठची बायको गोजराताई मोदक वाटत होती. कुंदनचा आवाज अगदी बारीक आला.

"बाबा, बर्फ कडकड वाजतोय. काल एक मानूस आत गेला, अजून गावला नाय. काठाला सोडू काय? नायतर हॉस्टेलात बादली हाय."

"बादली? घरतांचा गनपती बादलीत? मधी जा. बाप्पा सांभालल."

"बरं," कुंदन म्हणाला. बापाला नाही म्हणायची त्या घरात पद्धतच नव्हती. माझा मोदक हातातच राहिला. अहो, पोरगं मरायला निघालं होतं आणि हॉलभर बसलेले आम्ही शहाणे चिडीचूप!

गोजराताईने ताट खाली आदळलं. "कुंदन, नदीवर पाय ठेवशील तर माजं मेलेलं तोंड बघशील!" मग ती नवऱ्याकडे वळली. कधी नव्हे ते तिने आवाज चढवला. "तुमी छातीभर पान्यात शेवटचं कवा गेलाव? आपली गनपती सोडायची जागा या बिल्डिंगखाली गेली. पोऱ्या गेला तवापासून बँड नाक्यापर्यंत, न मंग टेम्पोत बसून आपल्या नावड्याच्या गोडाऊनला. पान्याच्या ड्रमात सोडता तुमी बाप्पाला. ड्रमाचं झाकन मीच उघडते ना?"

  शेठ कानापर्यंत लाल झाले.

"बाबा?" कुंदनने हाक मारली. "खरं हाय?"

  आमच्या सगळ्यांसमोर शेठनी धोतराच्या टोकाने डोळे पुसले.

"बादली नीट धुवून घे रं पोरा," ते म्हणाले.