भाऊंसमोर सिगार

सिगार कापायला मी अडकित्ता वापरतो. जाणकार माणूस हे ऐकून कपाळाला हात लावेल, पण सिगार कापायचं यंत्र जळगावात मी कुठे पाहिलेलं नाही आणि दिसलं तरी घेणार नाही. अडकित्ता माझ्या बायकोचा. जेवण झालं की ती सुपारी कातरत बसायची आणि मी गच्चीवर जायला उठलो की म्हणायची, इथेच पेटवा, डास तरी जातील. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुपारी मी खात नाही. अडकित्ता गंजू नये म्हणून तो वापरात ठेवलाय, असं मी स्वतःला सांगतो.

हा शौक मला नोकरीने लावला. मी पाइपच्या एका कारखान्यात निर्यातीचं काम बघायचो. ठिबकच्या नळ्या विकायला मेक्सिकोत गेलो असताना तिथल्या एका म्हाताऱ्या शेतमालकाने व्यवहार ठरल्यावर मला ओसरीत शेजारी बसवलं आणि क्युबाची सिगार हातात दिली. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. मी बिडीसारखे भराभर झुरके मारायला लागलो तसा त्याने माझं मनगट धरलं आणि खाली टेकवलं. थांब, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्यानंतर आम्ही सिगार संपेपर्यंत समोरच्या शेताकडे बघत बसलो होतो.

क्युबाची सिगार म्हणजे घशाला जाळ, असा आपल्याकडे एक समज आहे. तशा असतातही. मला आवडते ती मध्यम कडक. चहाच्या भाषेत सांगायचं तर पत्तीही बेताची आणि उकळीही बेताची. आधी काडीवरचं गंधक जळू द्यायचं, मग सिगारचं टोक ज्योतीच्या वर धरून नुसतं शेकायचं, तोंडाला लावायची घाई करायची नाही. धूर छातीत न्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडून द्यायचा. सुरुवातीला सुकलेल्या कडब्याचा वास येतो आणि जिभेच्या शेंड्यावर मिऱ्याची किंचित चुणचुण. मध्यावर आली की ती खरी बोलायला लागते. भाजलेले शेंगदाणे, जुन्या पेटीतलं लाकूड, न गाळलेली कॉफी, आणि मधेच कधीतरी नव्या कातडी चपलेचा वास. शेवटी शेवटी कडसर होते, तेव्हा ती चुरडायची नाही, बाजूला ठेवायची. ती आपली आपण विझते.

आता हे सगळं मी सांगायचं कुणाला? जावई स्पेनमध्ये असतो. येताना तो एक पेटी घेऊन येतो, मुलीची नजर चुकवून माझ्या हातात देतो आणि चार दिवसांनी दोघंही परत जातात. शेजारपाजारी कुणाला यातलं काही नको असतं. सिगार ही एकट्याने चवीने ओढायची गोष्ट आहे, असं जे म्हणतात त्यांनी बहुधा ती कधी एकट्याने ओढलेली नसते. ती तासभर चालते. संध्याकाळी डाळमिलचे भोंगे वाजून गेलेले असतात, रस्त्यावर रिक्षा आणि मोटरसायकली घराकडे पळत असतात, आणि गच्चीवर मी तोंडात शेंगदाण्याची चव घेऊन बसलेला असतो. तो तास फार मोठा असतो. खरं सांगायचं तर मला एकटेपणाचा कंटाळा आलेला आहे.

या सगळ्या जगात माझ्याइतकाच धुराचा शौकीन असा एकच माणूस मला माहीत होता, आणि त्याच्यासमोर मी आयुष्यात कधी काडी ओढली नव्हती. तो माझा सख्खा मोठा भाऊ.

आमच्याकडे धाकट्याने मोठ्यासमोर ओढायची नाही. यात चर्चा नसते. आमच्या वडिलांच्या उजव्या तळहातावर एक काळा डाग होता. काका अचानक समोर आले तेव्हा पेटती बिडी त्यांनी मुठीत दाबली होती आणि काका हालहवाल विचारून जाईपर्यंत मूठ उघडली नव्हती. ही गोष्ट आमच्या घरात कौतुकाने सांगितली जायची. भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. ते गोठ्यामागे बिडी ओढायचे हे मला माहीत होतं, मी कॉलेजात सिगरेटी ओढायला लागलो हे त्यांना माहीत होतं, आणि दोघंही मूग गिळून होतो. मी माडीवर असलो की भाऊ जिना चढताना चपला घासत यायचे, दारापाशी उगाच खाकरायचे. तोपर्यंत मी खिडकीतून थोटूक फेकून पुस्तक उघडलेलं असायचं. आयुष्यभर मी समजत होतो की भाऊंना पाय ओढत चालायची सवय आहे.

नोकरीत भाऊ धुळ्याला गेले आणि तिथेच घर बांधून राहिले. वहिनी गेल्या, नंतर माझी बायको गेली. मी महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचो. दुपारी भाऊ शेवभाजी करायचे. जेवण झालं की माझी तलफ वाढायची आणि त्यांचीही वाढत असणार, कारण ते म्हणायचे, मी जरा नदीकडे चक्कर मारून येतो. मग मी म्हणायचो, मीही पान खाऊन येतो. एक माणूस पूर्वेला जाई, दुसरा पश्चिमेला. दोघंही अर्ध्या तासाने बडीशेप चघळत परत यायचो. एवढ्या लांबून मी भावाला भेटायला जायचो आणि त्यातला सगळ्यात चांगला अर्धा तास आम्ही एकमेकांपासून दूर उभे राहून घालवायचो. परतीच्या बसमध्ये मला स्वतःचा राग यायचा.

एका मार्चमध्ये मी धीर केला. धीर म्हणजे काय, भाऊ अंघोळीला गेले असताना त्यांच्या कोनाड्यात, काडेपेटीच्या शेजारी, एक सिगार ठेवून दिली आणि काही न बोलता निघून आलो. हातात देणं शक्यच नव्हतं. दिली असती तर मी ओढतो हे तोंडाने कबूल केल्यासारखं झालं असतं.

सिगार ओलसर ठेवावी लागते. अंगठ्याने दाबली तर किंचित दबली पाहिजे. खानदेशच्या उन्हाळ्यात हे म्हणजे लोणी सांभाळण्यासारखं काम आहे. मी ती झाकणाच्या डब्यात, ओल्या स्पंजची वाटी आत ठेवून, कूलरच्या मागे ठेवतो आणि दर दोन दिवसांनी लहान मुलाचं दुपटं बघावं तसा स्पंज बघतो. मी इतकी निगा राखलेली ती सिगार भाऊंनी उचलली, दाबून पाहिली आणि बिडी ओढणाऱ्या माणसाने जे केलं असतं तेच केलं. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा चहा पिताना त्यांनी कोनाड्यातून ती काढून माझ्यापुढे ठेवली.

"तुनी वस्तू सादळेल व्हती," ते म्हणाले. "उनमा ठेवी. आते कडक व्हई गई शे."

गच्चीवर शेजारणीच्या मिरच्या वाळत होत्या, त्यांच्याच बाजूला भाऊंनी ती आठवडाभर ठेवली होती. वरचं पान जागोजागी तडकलं होतं. मी उचलली तर पापडासारखा चुरा हातात आला. मला हसावं की रडावं कळेना, आणि तेवढ्यात लक्षात आलं की भाऊ 'तुनी', म्हणजे तुझी, म्हणाले होते. चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे बोलून दाखवलं होतं. मी मान खाली घातली. ते उठून कपबश्या विसळायला गेले आणि विषय तिथेच राहिला.

मे महिन्यात पुतण्याचा फोन आला. भाऊंना एकदा चक्कर येऊन गेली होती, आता त्यांना धुळ्यात एकटं ठेवायचं नाही, पुण्याला नेणार, घराला भाडेकरू बघितलाय. पुतण्याचं काही चुकत नव्हतं. मी होकार दिला, बरं झालं म्हणालो, आणि फोन ठेवला. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मुलगा, सून, नातवंडं. तिथे भाऊंची बिडी कुठली आणि माझी सिगार कुठली. आम्ही दोघं एकदाही समोरासमोर बसून धूर न काढता मरणार, हे मला अगदी स्पष्ट दिसलं आणि ते मला मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डब्यातल्या दोन उत्तम सिगारी ओल्या फडक्यात आणि वर केळीच्या पानात गुंडाळल्या, अडकित्ता घेतला आणि बस पकडली.

भाऊंच्या घरात खोकी बांधून झाली होती. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून आम्ही दोन खुर्च्या टाकल्या. मी पुडी सोडली आणि दोन्ही सिगारी मधल्या स्टुलावर ठेवल्या. साठी उलटलेला माणूस मी, पण परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसलो. भाऊंनी सिगारींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली.

"भाऊ," मी म्हणालो, "आते आपले कोन देखस?"

"मी देखस ना," भाऊ म्हणाले.

मी पुडी पुन्हा बांधायला घेतली. केळीचं पान मला नीट दुमडता येईना, ते त्यांना दिसलं असावं. ते उठले, आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला पाठ लावून ठेवली.

"तू तिकडे तोंड कर," ते म्हणाले. "मी इकडे करस."

मी दोन्ही सिगारी कातरल्या आणि एक खांद्यावरून मागे धरली. मागून हात आला आणि ती घेऊन गेला. काडी ओढल्याचा आवाज झाला. मी न वळता सांगत होतो, घाई नको, नुसती शेका, छातीत ओढू नका. दोन-चार झुरक्यांनंतर त्यांना ठसका लागला, म्हणजे छातीत ओढलीच होती. मग हळूहळू त्यांना लय सापडली. माझ्यासमोर पाण्याच्या टाक्या आणि शेजारच्या गच्च्या होत्या, त्यांच्यासमोर मावळत होतं. दोघांचा धूर वर जाऊन एक होत होता.

भाऊ बोलायला लागले. समोर तोंड असताना जे त्यांना कधी जमलं नसतं ते सगळं बोलले. वहिनी गेल्यावर रात्री रेडिओ मोठ्याने लावून झोपायचे ते सांगितलं. पुण्याला जायची भीती वाटते म्हणाले. कडब्याचा वास येतो का, असं मी विचारलं तर म्हणाले, आपल्या गोठ्याचा येतो. आणि मग म्हणाले, "मी चप्पल घासत येत व्हतू, ते तुनासाठेच. तुले माहीत शे ना?"

मला माहीत नव्हतं. मी हो म्हणालो.

"हाई ते सरतच नही," ते थोड्या वेळाने म्हणाले, सिगारबद्दल. मला ती सरायला नकोच होती. मला वळून त्यांच्याकडे बघायची फार इच्छा होत होती, कारण भाऊंच्या ओठांत विस्तव मी जन्मात पाहिला नव्हता. पण शब्द पाळायचा होता, म्हणून मी टाक्या बघत बसलो. अंधार पडायच्या आत भाऊंनी खुर्ची सरळ केली आणि खिचडी टाकायला खाली गेले.

ते पुण्याला गेले त्याला आता बरेच महिने झाले. संध्याकाळी त्यांचा फोन येतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कुठे आहेस, आणि मी गच्चीवर म्हणताच ते खाकरले. मग तू निवांत बस म्हणाले आणि फोन ठेवून दिला. माझ्या हातातली पेटती सिगार त्यांना पुण्यातून दिसली होती. असं रोज व्हायला लागलं. मी ओढायला बसलो की भाऊ आदबीने निघून जायचे आणि तो मोठा तास पुन्हा माझ्या एकट्याच्या गळ्यात पडायचा. शेवटी मी खाली घरात आहे असं खोटं सांगू लागलो. ते खूश होऊन बोलायचे, नातवाची शाळा, लिफ्ट, पुण्याचं पाणी. मी हातात न पेटवलेली सिगार घेऊन ऐकायचो. डब्यातला स्पंज कोरडा पडला तरी मी तो भिजवला नाही.

गेल्या आठवड्यात बोलता बोलता ते म्हणाले, मुलगा-सून पोरांना घेऊन लग्नाला गेलीत, मी गॅलरीत बसलोय. मग म्हणाले, "एकलाले गोडी नही लागत रे."

मी उठलो. दुसरी खुर्ची आणली, माझ्या खुर्चीच्या पाठीला पाठ लावून ठेवली, फोनचा आवाज मोठा केला आणि तो त्या खुर्चीवर ठेवून दिला. मग माझ्या जागेवर बसलो.

"भाऊ," मी म्हणालो, "मी तिकडे तोंड करीसन बसेल शे."

मला वाटलं, आता खाकरून ठेवून देणार. मग काडी ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक लांब श्वास. मी माझी सिगार पेटवली. मागची खुर्ची रिकामी होती हे मला माहीत होतं, तरी मी वळून पाहिलं नाही.