दादाच्या गाडीवरचं चुंबक

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात खोपटला बसची वाट पाहत उभी होते. "ताई, हे गेले हो…" एवढंच तिला बोलता आलं. आणि मला, सख्ख्या बहिणीला, पहिल्यांदा काय आठवावं? त्या गाडीचा वास. कुजलेला पेंढा, कोंबड्यांची घाण आणि गंजलेलं लोखंड. इतक्या वर्षांपूर्वी नाकात बसलेला तो वास अजून गेलेला नाही.

ती गाडी दादाने कल्याणच्या एका बंद पडलेल्या तबेल्यातून आणली होती. दोनच माणसांची, बिनछपराची, जुनी विलायती स्पोर्ट्स कार. तो शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवत होता आणि मी नाकाला पदर लावून उभी होते. सीटमध्ये कोंबड्यांची पिसं, डिकीत उंदरांनी थाटलेला संसार. "शी! दादा, हे घरात आणलंस?" म्हटलं, तर म्हणाला, "घरात कुठे? गॅरेजात." ठाकुर्लीच्या आमच्या बैठ्या घराला बाबांनी हौसेने गॅरेज बांधलं होतं, पण गाडी घेणं त्यांना कधी जमलं नाही. तिथे आलेली पहिली गाडी ही, आणि तीही ढकलत आणलेली. दादा डोंबिवलीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्तीनंतर तर रोजच, तो चहा घेऊन आत शिरायचा आणि ग्रीसने माखून बाहेर यायचा. त्याच नखांनी पोळी तोडायचा… मला अक्षरशः उमासे यायचे.

दादाला मात्र जगात किळस एकाच गोष्टीची, पुट्टीची. पत्रा चेपला किंवा सडला की गॅरेजवाले त्या खड्ड्यात पुट्टी भरतात, घासून सपाट करतात आणि वरून रंग मारतात. "आंघोळ न करता अत्तर लावल्यासारखं आहे ते," तो म्हणायचा. तो स्वतः नवा पत्रा कापायचा, वाळूच्या पोत्यावर ठेवून हातोडीने ठोकत ठोकत त्याला गोलाई आणायचा, मनासारखी आली नाही की फेकून द्यायचा आणि पुन्हा सुरुवात. डाव्या मडगार्डवर त्याने आख्खा पावसाळा घालवला.

त्याच्या खिशात कायम एक चुंबक असायचं. जुन्या स्पीकरमधून काढलेलं, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून वहिनीच्या साडीचा तुकडा चिकटवलेलं. पत्र्याला ते धरून राहतं, जाड पुट्टीवरून घसरून पडतं. एका लग्नात त्याने ते नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीला लावलं. ते पडलं, आणि श्रीखंडात झुरळ दिसावं तसं तोंड करून दादा न जेवता घरी आला. मी ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होते, खोटं टाइप करण्यात जन्म गेला. त्यामुळे गाडीपेक्षा मला ते चुंबकच प्रिय. गॅरेजात गेले की मी ते त्याच्या गाडीवरून फिरवायचे, ते कुठेच पडायचं नाही आणि दादा मिशीत हसायचा.

गेल्या दिवाळीत मात्र त्याने गाडीवरचं आवरण काढू दिलं नाही. "रंग ओला आहे गं," म्हणाला. भाऊबीजेला ओवाळणी टाकताना पाकीट ताटाबाहेर पडलं, तेव्हा मला त्याचा थरथरता हात दिसला. त्याने तो लगेच खिशात घातला. त्यानंतर आजाराने त्याला फार वेळ दिला नाही.

तो गेला तेव्हा उजवा दरवाजा राहिला होता, सडका, भोकं पडलेला. महिना व्हायच्या आत बाळाशेठ घरी आले. आमच्या भागातले होऊ घातलेले नेते. "ताई, टेन्शन नाय घ्यायचं. श्रद्धांजलीच्या सभेआधी पोरं लावून गाडी एकदम चकाचक करून देतो." मी नको म्हटलं. वहिनी थकली होती, ती हो म्हणाली.

सभेच्या दिवशी गाडी हॉलच्या दारात झेंडूच्या माळांखाली उभी. फ्लेक्सवर दादाचा फोटो पासपोर्टएवढा, आणि भोवती शोकाकुल नेत्यांची ही मोठाली तोंडं. ज्याला पाहिलं की दादा रस्ता बदलायचा, तो माइकवर "आम्ही सख्ख्या भावांसारखे" म्हणून डोळे पुसत होता. मला शिसारी आली. बाळाशेठ म्हणाले, "दादांचं स्वप्न आज आपण पूर्ण केलं!" टाळ्या. श्रद्धांजलीच्या सभेत टाळ्या!

मी उठून दारात गाडीपाशी गेले. दादाचं चुंबक तो गेल्यापासून माझ्या पर्समध्ये होतं. सगळ्यांदेखत ते उजव्या दरवाजाला लावलं. पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"ही पुट्टी आहे," मी म्हटलं. "माझ्या भावाचं काम बघायचंय? या इकडे."

जमलेल्यांना घेऊन मी डाव्या मडगार्डकडे गेले. चुंबक लावलं, धरलं. सरकवत नेलं, धरलं. दिव्याच्या जवळ आलं आणि… माझ्या बोटांखाली ते सुटलं. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी अंगठा घट्ट दाबला. "बघा," म्हटलं, "याला म्हणतात काम." कोणाला काही कळलं नाही. फक्त निखिल, दादाचा मुलगा, खाली मान घालून उभा होता.

रिक्षात त्याने सांगितलं. "आत्या, ती बाबांनीच भरलीय. गेल्या वर्षी तिथला पत्रा पुन्हा सडलेला. हातोडी हातात राहतच नव्हती. पुट्टी भरली आणि नंतर तिथेच ओकले. मला बोललेले, आत्याला सांगू नको."

मला दादाचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसाचा येतो तेवढा. मला का नाही सांगितलंस? मी काय तुला चुंबक लावून बघितलं असतं? …हो, लावलं असतं. ते त्याला ठाऊक होतं.

असे लेख गेलेल्या माणसाचे खड्डे भरून, घासूनपुसून लिहायचे असतात. दादाने असा लेख नाक मुरडून बाजूला सारला असता. म्हणून सभेत दाबलेला अंगठा इथे काढला.

चुंबक आता माझ्या फ्रिजवर आहे. साडीचा तुकडा काळा पडलाय आणि त्याला ग्रीसचा घाणेरडा वास येतो. धुवावासा वाटत नाही. निखिल रविवारी बाळाशेठची पुट्टी खरवडतो. दरवाजाचा पत्रा तो स्वतः ठोकणार आहे. परवा त्याने फोन केला, "आत्या, मडगार्डवरची पण काढून टाकू?"

"तिला हात लावू नकोस," मी म्हटलं.