वैजूताईचा दम

नारळांनी भरलेलं पोतं खांद्यावर घेऊन माझी थोरली जाऊ, वैजूताई, रोज सकाळी मागीलदारी उठाबशा काढायची. पोतं खाली ठेवलं की लगेच सुंभाच्या दोरीवरच्या उड्या. मग जमिनीवर पालथी होऊन दंड, आणि दंडांवरून उठते न उठते तोच माडापासून विहिरीपर्यंत धाव. मध्ये थांबायचं नाही. विहिरीला हात लावला की पुन्हा पोतं. हे सगळं ती मोबाइलवर बघून शिकली होती. त्यातला शिकवणारा याला सर्किट म्हणायचा. वैजूताई म्हणायची, "घाणो." चहाचं भांडं माझ्या हातात देऊन ती सांगायची, "तू ह्या बघ गो, मी घाण्याक लागतंय."

एकदा हौसेने मीही तिच्या शेजारी उभी राहिले. दुसऱ्याच फेरीत पायांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि विहिरीच्या कठड्याला धरून मी ओकले. तिने माझ्या मानेवर पाणी ओतलं.

"पुरे आता," मी म्हटलं.

"पुरे ता तुजा तोंड म्हणता. पायांनी अजून काय सांगूक नाय." एवढं बोलून ती पुन्हा पोत्याकडे गेली. मी काही पुन्हा तिच्या वाटेला गेले नाही.

तारकर्लीच्या बाजूला एका लहानशा वाडीत समुद्राला लागून आमचं घर आहे. माझे यजमान मुंबईला नोकरीला. घरातल्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. पुढे भावजी, म्हणजे वैजूताईचे यजमान, गिऱ्हाइकं बघतात, आणि मागे आम्ही दोघी मासे तळायचो, भाकऱ्या थापायचो. वैजूताईचं माहेर आरोंद्याचं. खाडीकाठी वाढलेली मुलगी, पोहायला कुणी शिकवल्याचं तिला आठवतही नव्हतं.

हा घाणा सुरू झाला तो एका माणसामुळे. आमच्याकडेच उतरला होता. सकाळी तिच्या हातचे घावणे खाऊन, "वहिनी, दुपारी कोळंबी करा," असं सांगून बायकोमुलांबरोबर समुद्रावर गेला. दुपारी आरडाओरडा ऐकून वैजूताई चुलीपुढून उठली आणि साडी खोचून तशीच पाण्यात शिरली. तिने त्याला गाठलं, शर्टाला धरून ओढत आणलं. पण लाटा फुटतात तिथे तिचे हात गळाले आणि तो सुटला. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत किनाऱ्याच्या खडकांजवळ लागलं.

तिला कुणी बोल लावला नाही. उलट सगळे म्हणाले, एवढं तरी कोण करतं. ती मात्र एकच सांगत राहिली, "माका पोहूक येता. दम पुरूक नाय."

भावजींना तिचा व्यायाम बघवायचा नाही. "गिऱ्हाइकां खिडकीतसून बघतत. हसतत."

"हसांदेत," ती म्हणायची. "बुडताना कोण हसणा नाय."

पुढे किनाऱ्यावर जीवरक्षक नेमायचे म्हणून गावात एक कमिटी झाली आणि वाळूवर परीक्षा ठेवली. धावायचं, पोहायचं, खोल पाण्यातून माणूस ओढून आणायचा. वैजूताईने नाव दिलं. पंजाबी ड्रेस घालून मुलग्यांच्या रांगेत ती एकटी बाई उभी. धावण्यात ती मागे पडली, पण माणूस ओढून आणताना सगळ्यांत आधी तीच वाळूला लागली. बाकीचे अजून गळ्याएवढ्या पाण्यात होते. त्या दिवशी तिचे हात गळाले नाहीत. मी काठावर रडत होते.

कमिटीच्या अध्यक्षांनी माइक घेऊन शुद्ध भाषेत भाषण केलं. वहिनींनी समस्त महिलावर्गाची मान उंचावली आहे, वगैरे. तिला शाल आणि नारळ दिला. जीवरक्षकाची शिट्टी आणि लाल बनियन मात्र दोन मुलग्यांना मिळालं.

मला का नाही, असं तिने विचारलं तेव्हा अध्यक्ष माइक बाजूला ठेवून मालवणीत बोलले. "वैनी, बाईमाणसान परक्या पुरुषाक कवळून पाण्यातसून हाडूचा, बरा दिसता ता?"

"बुडणारो ईचारतलो, बाई की पुरुष?"

ते हसले. सत्कारातला नारळ तिने घरी आणून पोत्यात टाकला. भावजींनी शाल घेतानाचा तिचा फोटो मोठा करून गल्ल्याच्या मागे लावला. आलेल्या गिऱ्हाइकाला ते कौतुकाने दाखवायचे, "आमची मिसेस." घाणा चालूच राहिला, आणि भावजींना तो गिऱ्हाइकांपासून आता पूर्वीपेक्षा जास्त लपवावा लागायचा.

पुढच्या हंगामात एक लहान मुलगी पाण्यात ओढली गेली. शिट्टीवाला टपरीवर जेवत होता. माणसं धावत आली ती आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात. वैजूताई गेली आणि मुलीला जिवंत घेऊन आली, तिच्या आईच्या हातात दिली. अध्यक्षही धावत आले. या खेपेस मोठा सत्कार करू म्हणाले.

तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं. ती शांतपणे म्हणाली, "हाक मारूक मी होयी. नेमूक नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागीलदारी दोरीचा आवाज आला नाही. तिने पिशवी भरली होती. भावजी म्हणाले, "माहेराक जाता. आठवड्यान येतली." एस.टी.च्या थांब्यावर मी तिला विचारलं, खरंच परत येशील ना.

"मी हय आसय म्हणून ह्ये कमिटीवाले निवांत आसत गो," ती म्हणाली. "मी रवलंय तर ह्येंका कदी धड कोणाक नेमूची गरजच पडाची नाय." गाडी आली. ती मागे न बघता चढली.

आठवडा गेला, वर्ष गेलं. ती आरोंद्याला आईजवळ राहते. भावजी एकदा आणायला गेले आणि एकटेच परतले. त्यांनी जेवणाला एक बाई ठेवली. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. फोटो अजून तिथेच आहे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी नारळ खवत बसले होते. खळ्यात धावत्या पायांचा आवाज झाला. पुढे एक भिजलेला माणूस होता. त्याच्या मागे आणखी दोघे, आणि गळ्यात शिट्टी घातलेला तो मुलगा.

"वैजू वैनी खंय?"

"ती हय रवणा नाय आता," मी सांगितलं.

त्यांनी ते ऐकलं. तरीही त्यांच्यातला एकजण मागीलदारी धावत जाऊन बघून आला.