शनिवारची पट्टी

इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिला सगळे आमेनबाई म्हणत. डबा उघडण्याआधी ती डोळे मिटून पुटपुटायची आणि शेवटचा "आमेन" तेवढा मोठ्याने यायचा. फाटक्या चादरी शिवणारी समोरून म्हणायची, "झालं बाई! आता भाजी अळणी निघाली तरी तोंड उघडायची सोय नाही." आमेनबाई हसायची. ती चिडलेली मी कधी पाहिली नाही. चिडायचं खातं आमच्यात माझ्याकडे होतं.

मी युनियनचं काम करते. शाळा सातवीत सुटली, कायदा साहेबांशी भांडून शिकले. देवाधर्माशी माझं फारसं जमत नाही. तरी हे लिहायला बसले, कारण तिच्याबद्दल खात्यात जे बोललं जातं ते अर्धं आहे, आणि अर्धं बोलणाऱ्यांची मला भयंकर चीड आहे.

एकोणीस वर्षं ती त्या तळघरात चादरींना इस्त्री करत होती. खोटं बोलायचं नाही, हा तिचा नेम. ऐकायला सोपा वाटतो, जरा पाळून बघा. कोणी उशिरा आलं आणि मुकादमाने विचारलं, की ती खाली बघायची, आणि त्या खाली बघण्यातच उत्तर असायचं. साबण गायब झाला की पहिली विचारणा तिला. शेवटी बायकांनी तिच्यासमोर बोलणंच सोडलं. ती आली की गप्पा बंद. पहाटे गुडघ्यांवर प्रार्थना, गुडघे गेल्यावर खाटेच्या कडेला कपाळ टेकून. ज्यांनी त्रास दिला त्यांची नावं घेऊन त्यांचं भलं मागायचं. मी म्हटलं होतं, "दोन दिवस ती यादी मला दे. मी शिव्यांसकट म्हणते."

"तुझं नाव पण आहे त्यात," ती म्हणाली. एवढीच काय ती तिची थट्टा.

आणि रविवार. रविवारी उपासना, त्या दिवशी कामाला यायचं नाही. मुकादमाने कधी नाही म्हटलं नाही. त्याने एवढंच सांगितलं, "शनिवारी संध्याकाळी तुमचा ढीग शून्य पाहिजे. मग जा खुशाल."

आता मशीन समजून घ्या. दोन तापलेले रोलर, मधून ओली चादर जाते. रोलरच्या तोंडाशी एक दांडी असते. हात लागला की दांडी मागे सरकते आणि मशीन थांबतं. पण जाड ओली चादर लागली तरी दांडी सरकते, मशीन थांबतं. दर पाच मिनिटांनी थांबणाऱ्या मशीनवर ढीग शून्य होत नाही. म्हणून दांडी बांधून ठेवायची, जुन्या चादरीची पट्टी फाडून. सगळ्या बायका बांधायच्या. आमेनबाई फक्त शनिवारी बांधायची.

अशाच एका शनिवारी दुपारी ती धुतलेल्या चादरींची ढकलगाडी आणायला गेली. तिची धाकटी जाऊ शेजारच्या टेबलावर घड्या घालत होती. ताईचा ढीग तेवढाच कमी होईल म्हणून ती मशीनवर उभी राहिली. चादरीबरोबर उजवा हात आत गेला. दांडी हलली नाही. मशीन थांबलं नाही. गाडी घेऊन आलेल्या आमेनबाईने बटण बंद केलं, आणि कोणी काही बघायच्या आत दांडीची पट्टी सोडून पदरात बांधली.

हात मनगटापासून गेला.

त्यानंतर रोज सकाळी ती जावेकडे जायची. एका हाताने वेणी घालता येत नाही. जाऊ पाठ करून बसायची, ही विंचरायची. जाऊ म्हणायची, "ताई, ओढू नकोस गं! हात गेला, आता केस पण उपटतेस का?" आणि हसायची. दांडी आपण बांधली होती हे त्या पाठीला सांगायचं ठरवून आमेनबाई रोज जायची आणि वेणी घालून परत यायची.

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला बाकावरून हातोहात पुढे जातो. तिने जावेच्या डाव्या हाताला खालून आधार दिला, तिला पाजलं, आणि स्वतः ओठ न लावता प्याला पुढे दिला. अख्ख्या बाकाने पाहिलं. पाळकांनी नंतर विचारलं, "मनात काही आहे का?" ती म्हणाली, "आहे." तेही बिचारे म्हणाले, "प्रभूला माहीत आहे." ती म्हणाली, "त्यालाच माहीत आहे, हाच तर त्रास आहे."

चौकशी लागली तेव्हा ती माझ्याकडे आली आणि पदराची गाठ सोडून पट्टी टेबलावर ठेवली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हे बघ, दांडी मुकादमाच्या हुकमाने बांधली जात होती हे ठरलं, तर जावेला केसपेपरच्या खिडकीवरचं बसून करायचं काम द्यावं लागेल. बायका तसं सांगायला तयार आहेत. तू एवढंच म्हण, कोणी बांधली माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"मग म्हण, मुकादमाने सांगितलं म्हणून बांधली!"

"बांध असं तो म्हणाला नाही."

"अगं, ढीग शून्य म्हणजे काय? तोंडाने म्हणाला नाही एवढंच!"

"मग मी पण तोंडाने कसं म्हणू?"

मी तिला नको नको ते बोलले. तुझ्या देवाला हात परत आणता येतो का, इथपर्यंत. ती म्हणाली, "माझा रविवार राहावा म्हणून तिचा हात गेला. आणखी एक खोटं त्याच्यावर कुठे रचू?"

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. एका बाजूला साहेब आणि मुकादम, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि भिंतीपाशी जाऊ, थोटा हात ओढणीत गुंडाळून. साहेबाने विचारलं, "दांडी कोणी बांधली?"

"मी."

"मुकादमाने सांगितलं होतं?"

"नाही."

मुकादमाने डोळे मिटले. लाज असेल, सुटका असेल, मला काय ठाऊक. मी उठून ओरडले, "ढीग शून्य का लागतो ते विचारा! एका मशीनवर किती चादरी टाकता ते विचारा!" साहेब म्हणाला, "तुम्हाला विचारलेलं नाही, बसा." कागदावर आलं: कामगाराने परस्पर दांडी बांधली. एका कागदात आमेनबाईची नोकरी गेली आणि जावेची खिडकी.

बाहेर व्हरांड्यात जाऊ भिंतीला टेकून उभी होती. आमेनबाई तिच्यासमोर गेली. मला वाटलं जाऊ तिला मारेल. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"रोज माझ्या मागे बसत होतीस ना?" जाऊ म्हणाली. "महिना होत आला. मला नाही सांगितलंस. त्या साहेबाला आधी सांगितलंस."

एवढं खरं बोलून झाल्यावर एकच खरं उशिरा बोललं गेलं होतं, आणि जे हवं होतं ते तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला कंगवा घेऊन गेली. मीही बरोबर होते. एकटीने जायला तिचे पाय उचलत नव्हते. दार जावेनेच उघडलं. केस मानेपर्यंत कापलेले होते. वाकडेतिकडे, डाव्या हाताने कात्री चालवल्यासारखे.

"आता लागत नाही," ती म्हणाली आणि दार लोटलं.

आमेनबाई कंगवा धरून पायरीवर उभी राहिली. मग ओठ हलू लागले. नावं घेत होती. मी कान देऊन ऐकलं. मुकादमाचं आलं, साहेबाचं आलं, माझं आलं. जावेचं नाव तोंडात आलं तिथे ती अडकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकली.

आमेन काही आलं नाही.