स्टीअरिंगवरचं बोट

हे गेल्यावर लेकीनं मला आयर्लंडला, तिच्या लहानशा गावात नेलं. सकाळी मी एकटीच फिरायला निघायचे. दोन्ही बाजूंना दगडी बांध, पलीकडे मेंढ्या. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टीअरिंगवरून फक्त एक बोट उचलायचा. मला वाटायचं, चुकीच्या बाजूनं चालतेय म्हणून दटावतायत. मी आपली घाबरून बांधाला चिकटायचे.

लेक खूप हसली. "अगं आई, ते 'बरी आहेस ना?' विचारतात. इथे त्याला ओळख लागत नाही."

घरी भेटायला येणाऱ्यांना सगळं पहिल्यापासून सांगून मी थकले होते. इथे बोटाला बोट दाखवलं की झालं. गाडी पुढे, मी पुढे.

स्कूटर सुरू केली की हेही मागे न बघता असंच एक बोट उचलायचे. "तोंडानं 'येतो' म्हणायला काय होतं?" मी दारातून ओरडायचे.

काल भुरभुर पावसात एक गाडी आली. काच धुरकटलेली, चालवणारा दिसलाच नाही. वायपर फिरला तेव्हा उचललेलं बोट तेवढं दिसलं.

"बरी आहे हो," मी तोंडानं म्हणाले.