कुबड्यांवरचं नाव

दर्यापूरजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या कार्यक्रमात मला एकाच दिवशी दोनदा स्टेजवर चढवलं. पाचवीत होते. पोलिओनं डावा पाय गेलेला. बाकांवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं, पायऱ्या नव्हत्या. हातांवर जोर देऊन वर गेले. पाहुण्यांनी कुबड्या दिल्या. फोटो निघाला नाही.

गुरुजी म्हणाले, "पोरी, उतर अन् पुन्हा चढ. साहेब हात देतानाचा फोटो पायजे."

उतरले. पुन्हा चढले. फ्रॉक वर गेला. सगळी शाळा हसली.

कुबड्यांवर लाल रंगात लिहिलं होतं, 'सप्रेम भेट'. खाली देणाऱ्याचं नाव. दुसऱ्या दिवसापासून पोरं मला 'भेट' म्हणू लागली. "ए भेट, कोनं देलं वं तुले?"

एका दुपारी काचेच्या तुकड्यानं ते नाव खरवडून काढलं. गुरुजींनी कुबड्या कपाटात बंद केल्या. "बौद्धपुऱ्यातली माजली. माफी माग, मंग भेटतीन."

मी मागितली नाही. आठ दिवस आईनं मजुरी बुडवून मला पाठीवर शाळेत आणलं. माफी माग असं तिनंही म्हटलं नाही. शाळातपासणीला साहेब येणार म्हणून कुबड्या परत मिळाल्या. माझी दया आली म्हणून नाही.

पुढं आठवडी बाजारात भाजी विकली. बसून करायचा धंदा. पाय लागत नाही, जीभ लागते. सौदा तिथं शिकले. बी.एड. त्याच भाजीवर झालं.

आज अकोल्यात एका संस्थेच्या शाळेची प्राचार्य आहे. नववीतली अंकिता चालू शकत नाही. नववी वरच्या मजल्यावर. तिची आई रोज तिला पाठीवर घेऊन जिना चढते आणि सुट्टी होईपर्यंत लिंबाखाली बसून राहते. वर्ग खाली आणा, उतार बांधा, असे मी जूनपासून संस्थेकडं अर्ज करते आहे. उत्तर एकच. खाली जागा नाही.

मग संस्थेच्या अध्यक्षांनी चाकांची खुर्ची पाठवली. पाठीवर लाल रंगात तेच दोन शब्द, खाली त्यांचं नाव.

"खुर्ची द्याचा कार्यक्रम ठेवा, पोरीले स्टेजवर घ्या," ते म्हणाले.

"चढन कशी?"

"चौघं उचलतीन. फोटोत बरं दिसते."

माझं डोकं फिरलं. पण बाजारातली जीभ आधी बोलली. "फोटो घ्या. बदल्यात उतार बांधून द्या, नववी खाली आणा."

ते हसले. "मॅडम, सौदा करता? तुमाले प्राचार्याच्या खुर्चीवर बसवलं, तेही लोकाईत बरं दिसते म्हनूनच."

"ज्येष्ठता यादीत पयलं नाव माझं होतं," मी म्हटलं. "तुमच्या शाईनं नाही लिहिलं."

 ते उतार बघू म्हणाले. मला वाटलं, जिंकले. तशीच अंकिताकडं गेले, सगळं सांगितलं.

ती खाली बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, तुमी माझ्या फोटोचा सौदा केला. मले इचारलं काय?"

 गुरुजींनी मला एकदा उतरून पुन्हा चढायला लावलं होतं. मी हिला चौघांच्या हातांवर द्यायला निघाले होते. तेही आधी भाव ठरवून.

"काय पायजे तुले?" मी विचारलं.

"खुर्ची पायजे. नाव नको. स्टेजवर जात नाही मी. अन् आई लिंबाखाली नको."

कार्यक्रम मी रद्द केला. दुसऱ्या दिवशी नववी माझ्या कार्यालयात आणली. दाराच्या एका पायरीवर विटा आणि सिमेंट टाकून उतार केला, शिपाईमामांनी आणि मी. खुर्चीवरचं नाव अंकितानं स्वतः घासून काढलं. मी हात लावला नाही. माझं टेबल जिन्याखाली हलवलं.

आता खुलासा मागणारं पत्र आलं आहे. परवानगीशिवाय कार्यालय का हलवलं? दान दिलेल्या वस्तूवरचं नाव का काढलं?

खुलासा एका ओळीचा आहे. नववी खाली आहे, खालीच राहील. माफीचा शब्द त्यात नाही. पाचवीतही नव्हता.

नोकरी घ्यायची तर घ्या. घ्यायला मात्र इथं यावं लागेल. जिन्याखाली छत ठेंगणं आहे. अध्यक्षांना वाकून यावं लागेल.